कोयता आणि कुमार

२०२२ सालच्या अखेरीपासून पुण्याच्या वृत्तपत्रांत 'कोयता गँग' हे शब्द वारंवार येऊं लागले. ऊंस तोडणाऱ्या कष्टकऱ्याचें हें पोटाचें साधन पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनीं रस्त्यांत परजावें आणि उभ्या मोटारींच्या कांचा फोडाव्या, हें वाचून आमच्या वाचकांस खेद होतो. परंतु 'आपल्या घरचीं मुलें त्यांतलीं नव्हेत' असें म्हणून ते पान उलटतात. आम्हांस ही स्वस्थताच घातक वाटते.

टोळीचा म्होरक्या पहिल्याच दिवशीं मुलाच्या हातीं कोयता देत नाहीं. प्रथम तो वडापाव खाऊं घालतो, दुचाकीवर मिरवितो, मोबाईलवरील चित्रफितींत आपल्या शेजारीं उभा करतो. मग एखादें पुडकें पोंचविण्याचें किरकोळ काम येतें. तें हरवलें, किंवा हरविल्याचा बनाव केला, कीं मुलगा ऋणको झाला! पैसे मागावयास घरीं तोंड उघडवत नाहीं, आणि टोळी तर सोडवत नाहीं.

म्होरक्यास लहान मूलच हवें असतें. अठरा वर्षांखालील आरोपी बालन्याय मंडळापुढें जातो, म्हणून 'तुला कांहीं होत नाहीं' असें त्यास पढवितां येतें. हें पुरतें खरें नाहीं. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणें सोळा वर्षें पुरीं झालेल्या मुलावर खुनासारखा आरोप असल्यास मंडळ प्राथमिक चौकशीअंतीं तें प्रकरण प्रौढाप्रमाणें चालविण्यासाठीं बाल न्यायालयाकडे पाठवूं शकतें. उलट, त्याच अधिनियमाच्या ८३ व्या कलमांत मुलांस बेकायदा कामास जुंपणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास व पांच लाख रुपये दंडहि सांगितला आहे. हें कलम मुलांच्या कानीं सहसा पडत नाहीं. तें जेवतांना सर्वांदेखत बोलून दाखवावें.

कांहीं मुलें केवळ भीतीपोटीं दप्तरांत सुरी बाळगतात. सुरी जवळ असली कीं बाचाबाचीचें पर्यवसान रक्तपातांत होण्यास वेळ लागत नाहीं, आणि झटापटींत ती कोणाच्या हातीं जाईल याचा नेम नसतो.

नवे बूट कोठून आले हें विचारतांना आवाज चढला कीं उत्तर खोटें येतें, असा आमचा शिक्षकी पेशांतील अनुभव आहे. वडील तापट असतील तर काकांनीं वा आत्याबाईंनीं विचारावें. एकत्र कुटुंबाचा हाच तर लाभ. सोळाव्या वर्षीं पुत्रास मित्र मानावें असें सुभाषितकार सांगतात. हल्लीं तीन वर्षें अगोदरच मानावें लागेल. मुलगा सर्व सांगूं लागला तर प्रथम ऐकून घ्यावें, पैशाचा हिशेब मागाहून. कर्ज फेडून टाकूं नये, कारण तें फिटत नसतें. वकील व पोलीस यांचा सल्ला घ्यावा.

घरीं बोलवतच नसेल त्याकरितां १०९८ हा मुलांच्या साह्याचा निःशुल्क दूरध्वनि आहे. आमच्या नातवंडांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर तो आम्हीं लिहून दिला आहे.