रिपोर्ट नॉर्मल, माणूस आडवा

"रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" असं सांगून पेशंटला वाटेला लावणाऱ्या डॉक्टरांचा मला मनापासून संताप येतो. पुणे जिल्ह्यातल्या कापूरहोळच्या फाट्यावर उभं राहा आणि भोरकडून आलेल्या एसटीतून उतरणाऱ्या बायकांकडे बघा. दांडी घट्ट धरून, एकेका पायरीवर थांबत, कण्हत उतरणाऱ्या किती दिसतात? त्यांना विचारा. "चिकनगुनिया झालेला" हे उत्तर हमखास मिळेल. कधी? मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात. ताप चार दिवसांत गेला, सांधे अजून धरलेले आहेत. चिखलात कंबरेत वाकून भाताची रोपं लावायची, आणि इथे सकाळी मूठच वळत नाही. रक्त तपासलं, संधिवाताचा आरए फॅक्टर निगेटिव्ह. एक्स-रे काढला, स्वच्छ. झालं! घरचे म्हणतात कामचुकार, डॉक्टर म्हणतो वय झालं. बाई चाळिशीची!

आता पुस्तकात काय छापलंय ते ऐका. चिकनगुनियाचा विषाणू सांध्यांतल्या पेशींत शिरतो. अनेकांची दुखणी महिनोन्महिने टिकतात, काहींची वर्षानुवर्षं. का टिकतात, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. एका पक्षाच्या मते विषाणूचे अवशेष सांध्यात दडून बसतात. रेयुनियन बेटावरच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात संसर्गानंतर 18 महिन्यांनी विषाणूचा आरएनए सापडला होता. दुसरा पक्ष म्हणतो, विषाणू गेला, पण एकदा चवताळलेली प्रतिकारशक्ती शांत होत नाही. वाद खरा आहे आणि व्हायलाच हवा. पण वादाला पुरावा लागतो आणि पुराव्याला रुग्ण लागतो. आपण तर ताप उतरला की रुग्णाचं नाव वहीतून उडवतो.

पुरंदरमधलं बेलसर आठवा. कापूरहोळहून नारायणपूर, सासवड करत गेलं की तासा-दीड तासाच्या वाटेवरचं गाव. 2021 च्या जुलैत तिथे तापाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या पथकानं 41 नमुने घेतले. चिकनगुनियाचे निघाले 25, डेंग्यूचे 3 आणि झिकाचा 1. राज्यातला पहिला झिका! दिल्लीहून केंद्राचं पथक धावलं, कॅमेरे धावले, देशभर बेलसरचं नाव झालं. पथक धावलं ते योग्यच केलं, झिका गर्भाला धोकादायक असतो. पण चिकनगुनियाच्या त्या पंचविसांचं काय? सहा महिन्यांनी त्यांचे गुडघे कसे होते? कोण गेलं विचारायला?

हा प्रमाद आजचा नाही. 1973 साली बार्शीत चिकनगुनियानं शहराचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग आडवा केला. मग तो तीस-बत्तीस वर्षं जवळजवळ दिसेनासा झाला आणि आपण त्याला विसरलो. 2000 साली आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या यवतच्या डासांत त्याचा आफ्रिकी वाण सापडला होता. 2005-06 मध्ये त्याच वाणाचा देशभर भडका उडाला. 2006 या एका वर्षात सरकारी आकडा 13.9 लाख संशयित रुग्णांचा, आणि मृत्यू? सरकारी उत्तर: शून्य. एकट्या अहमदाबादेत त्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात नेहमीपेक्षा 2,944 मृत्यू जास्त झाल्याचं तिथल्या नोंदींतूनच संशोधकांनी दाखवलं, तरीही शून्य! इकडे रेयुनियनची अख्खी लोकसंख्या आठ लाखांच्या आत. तिथे एक तृतीयांश माणसं आजारी पडली आणि संशोधक पुढे वर्षानुवर्षं त्या रुग्णांच्या मागावर राहिले. एनआयव्हीसारखी 1952 पासूनची संस्था आपल्या अंगणात, जगाला लशी पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरला, आणि भोरच्या बाईचा सांधा का दुखतो हे रेयुनियनच्या रुग्णांवरून शिकायचं? लाज वाटत नाही?

मग येतात पंडित. ज्याचं कारण सापडत नाही, ते मनाचं. केवढा सोपा सिद्धान्त! 1955 साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात 292 कर्मचारी एका अनाकलनीय आजारानं पडले. स्नायू गळालेले, थकवा हटेना. 1970 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाला न तपासता, जुने कागद चाळून जाहीर केलं की हा सामूहिक उन्माद होता. एक मोठा आधार काय, तर रुग्णांत बायकाच जास्त! नर्सेसनी भरलेल्या इस्पितळात दुसरं काय असणार? या एका प्रमाणपत्रावर दीर्घ थकव्याचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले. "व्यायाम वाढवा, विचार बदला" हे त्यांचं औषध ठरलं. ठरावीक पायऱ्यांनी वाढवत न्यायचा तो व्यायाम अखेर 2021 साली ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेनं आपल्या मार्गदर्शिकेतून काढला, कारण श्रमांनंतर या रुग्णांची प्रकृती ढासळते. तोवर कोविडनं त्यांच्या पंगतीला जगभरातले लाखो लोक आणून बसवले होते.

दुसऱ्या टोकाला लसद्वेष्टे. गुडघा दुखला, लस. केस गळले, लस. शेजारी वारला, लस. "संशोधन करा" म्हणून हेच ओरडतात आणि संशोधन झालं की "विकलं गेलेलं" म्हणून हेच नाक मुरडतात. कोविशील्डच्या घडणीच्या लशीनं क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात, हे शोधलं कुणी? 2021 च्या वसंतात जर्मनी-नॉर्वेच्या डॉक्टरांनी, रुग्णांच्या रक्तात प्लेटलेट फॅक्टर 4 विरुद्धची प्रतिपिंडं दाखवून. 2024 च्या मे महिन्यात व्हॉट्सॲपवर जे "गुपित" फुटलं, ते तीन वर्षं उघड छापलेलं होतं. चिकनगुनियाच्या पहिल्या लशीला अमेरिकेनं 2023 च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली आणि गंभीर दुष्परिणामांच्या नोंदी आल्यावर 2025 च्या ऑगस्टमध्ये परवाना स्थगित केला. नोंद ठेवली म्हणून कळलं! आणि ज्याला लशीचा खरोखर त्रास झाला, त्याचा आवाज या बोंबाबोंबीत बुडतो. हे लोक त्याचेही शत्रू आहेत.

पंडित म्हणतो आजारच नाही, लसद्वेष्टा म्हणतो कारण मला आधीच ठाऊक आहे. तपासायची गरज दोघांनाही नाही. मधल्या मोकळ्या रानात धंदा फोफावतो. सांधेदुखीची तेलं, जडीबुटीचे तंबू, कुठल्याशा पुड्या. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा पकडलं गेलंय. बाई दोन महिने पळते, मग साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. दुखणं होतं तिथेच.

काही करता येत नाही, असं मला कुणी सांगू नये. 1996 साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी याच जिल्ह्यातल्या भिगवणला, गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून, घरोघर विचारणा केली. 4,092 प्रौढांपैकी 18.2 टक्के सांध्या-स्नायूंच्या दुखण्यानं पीडित निघाले. यंत्रं नंतर आली, आधी प्रश्न गेला. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना हे का जमू नये? आशाताईंच्या रजिस्टरात एक रकाना वाढवा. तापाची नोंद झालेल्या प्रत्येकाला तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात विचारा: चुलीपुढे बसता येतं का, हंडा उचलतो का, लावणीला गेलात का? या कामाचा मोबदला आशाताईंना वेगळा आणि वेळेवर द्या, त्यांना फुकट राबवणं बास झालं. संमती घेऊन रक्ताचे नमुने गोठवून ठेवा. अमेरिकी सैनिकांचं रक्त वर्षानुवर्षं जपलं होतं म्हणून तर 2022 साली मल्टिपल स्क्लेरोसिसमागचा एप्स्टाइन-बार विषाणू दाखवता आला.

पैसे कुठून आणायचे, असं विचारणाऱ्या साहेबांनी आधी एवढं सांगावं: मूठ वळत नाही म्हणून बुडालेली लावणीच्या हंगामाची मजुरी सध्या कोणाच्या खात्यावर पडतेय?