अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग

माझी आजी कोल्हारला राहते. नगर-मनमाड रोडवरचं, प्रवरेच्या काठचं, भगवतीमातेचं कोल्हार. मागच्या सुट्टीत तिच्या पायाची जखम चिघळली, ताप आला म्हणून तिला घेऊन एका हॉस्पिटलात गेले. हॉस्पिटलचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठेही घडू शकते. काउंटरवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता. त्याने आजीचं नाव विचारलं, टाइप केलं, नवीन नंबर दिला, प्रिंट काढून हातात ठेवली. पाच मिनिटांत काम! मी मनात म्हटलं, व्वा, आपल्याकडे पण सगळं कॉम्प्युटराइज्ड झालं की!

आत सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. स्क्रीनवर ॲलर्जीचा रकाना रिकामा होता. तेवढ्यात आजीच म्हणाली, "बाई, मागल्या वेळी एका सुईनं माझ्या अंगावर गांधी उठल्या होत्या. तीच नाही ना ही?" सिस्टर थांबल्या. मग शोधाशोध सुरू झाली आणि कळलं की त्या हॉस्पिटलात माझ्या आजीचे एक नाही, तीन नंबर आहेत. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते तीन वेगवेगळ्या आज्या! पहिल्या आजीला पेनिसिलिनची ॲलर्जी, दुसरीला बीपी, आणि तिसरी आजच जन्माला आलेली, एकदम ठणठणीत.

कारण काय, तर स्पेलिंग. आजीच्या नावात दीर्घ 'ई' आहे. एकाने तिथे 'आय' टाकला, दुसऱ्याने डबल 'ई', तिसऱ्याने आणखी काहीतरी. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं स्पेलिंगवरून बोलणी खाल्लेली मी, पण आजीच्या नावाचं 'बरोबर' स्पेलिंग मलाही सांगता येणार नाही. मुळात ते नाव इंग्रजीत नाहीच ना!

मी तावातावाने त्या मुलाकडे गेले. तो बिचारा घाबरून म्हणाला, "ताई, आधी जुना नंबर शोधायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नाही. कंपनीचा माणूस येऊन अर्धा दिवस दाखवून गेला, तेव्हा मी इथे नव्हतो. माझ्या आधीच्या मुलाने जे दाखवलं तेच मी करतो." त्याच्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट होतं, टायपिंगचा स्पीड होता, आणि कामाची आवडही होती. नव्हतं ते फक्त एकच. आपण टाइप करतो त्याचा पुढे पेशंटच्या जिवाशी काय संबंध आहे, हे त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

परत हॉस्टेलवर येताना बसमध्ये माझा राग हळूहळू आपल्याच लोकांवर वळला. लायब्ररी मॅनेजमेंटनंतर आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांचा सगळ्यात लाडका प्रोजेक्ट कुठला? हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम! लॉगिन पेज, पेशंट रजिस्ट्रेशन, बिल, रिपोर्ट, झालं. व्हायवाला एक्सटर्नल विचारतात, "डेटाबेस कुठला वापरला?" पण "हे वापरणार कोण, आणि त्याला शिकवणार कोण?" असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. प्रोजेक्टसाठी हॉस्पिटलच्या काउंटरवर एक दिवस जाऊन बसलेला विद्यार्थीही मला माहीत नाही. मी स्वतःही बसलेली नाही.

बरं, हे काम म्हणजे साधी डेटा एंट्री, असं समजायचे दिवसही संपले. २०२१ साली संसदेने सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट आहेत. त्यातला एक गट आहे आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा. म्हणजे पेशंटच्या नोंदी सांभाळणारा, आजारांना कोड देणारा माणूस फिजिओथेरपिस्टसारखाच आरोग्य व्यवस्थेतला व्यावसायिक आहे, हे कायद्याने मान्य केलंय. याच कायद्यात सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी कमीत कमी २००० तासांचं शिक्षण सांगितलंय. कुठे २००० तास आणि कुठे अर्धा दिवस!

आणि समजा कुणी २००० तास शिकून आला, तरी तेवढ्यावर भागत नाही. या क्षेत्रात मांडलेला डाव सारखा बदलतो. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची भारताची मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ आकडी 'आभा' नंबर आला. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती लागू झाली. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. २०१५ ला कोर्स केलेल्या माणसाला यातलं किती माहीत असणार?

शिवाय संकट काही सांगून येत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या हॉस्पिटलात बरेच दिवस कामकाज कागदावर चाललं. अशा वेळी कागदावर कसं परतायचं आणि नंतर तो कागद पुन्हा कॉम्प्युटरमध्ये कसा न्यायचा, हे आधी सराव केल्याशिवाय जमत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून कसं चालेल?

डॉक्टरांचं बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना त्यांना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, म्हणजे शिकत राहावंच लागतं. पण ज्या नोंदीवर विसंबून डॉक्टर औषध लिहितात, ती नोंद करणाऱ्या आपल्या काउंटरवरच्या मुलाला कुणी असं काही विचारत नाही. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने हॉस्पिटलांच्या कॉम्प्युटर नोंदींसाठी पैसा दिला, तेव्हा माणसं तयार करायलाही वेगळा पैसा ठेवला आणि कम्युनिटी कॉलेजांतून सहा-सहा महिन्यांचे कोर्स चालवले. आपण मशीन आणतो, उद्घाटन करतो, नारळ फोडतो आणि माणसाला विसरतो.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडे कसं जमणार? अहो, आपल्याच जिल्ह्यात जमलंय! जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यांचं शिक्षण एका कोर्समध्ये संपवलं नाही. त्या नेमाने जामखेडला यायच्या, गावात काय पाहिलं ते सांगायच्या, चुकलं कुठे ते एकमेकींकडून शिकायच्या आणि परत गावी जायच्या. वर्षानुवर्षं! १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातून लोक हे बघायला जामखेडला आले. निरक्षर बाईला बाळंतपण शिकवता येतं, तर बारावी झालेल्या मुलाला 'शोधा'चं बटण शिकवता येणार नाही?

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. एक म्हणजे, शिकवलं की पोरगं चांगल्या पगारावर पुण्याला पळतं. पळतं, मान्य. पण न शिकवता ते इथेच राहिलं तर? ते जास्त धोक्याचं आहे. दुसरा आक्षेप आपल्या इंजिनीअर मंडळींचा. सॉफ्टवेअरच इतकं सोपं करा की शिकवायची गरजच पडू नये. यात तथ्य आहे. सारख्या उच्चाराची नावं शोधून समोर ठेवणं प्रोग्रामला जमतं, आणि आपण ते केलंच पाहिजे. पण समोर आलेल्या तीन आज्यांपैकी आपली कुठली, हे आजीशी दोन शब्द बोलूनच कळतं. घाईत रकाना रिकामा सोडायचा की थांबून विचारायचं, हे ठरवणारा शेवटी माणूसच असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. हॉस्पिटलांनी आठवड्यातला एक तास, ड्युटीच्या वेळात आणि पगारी, या लोकांच्या शिक्षणासाठी ठेवावा. त्या आठवड्यात झालेल्या चुका समोर ठेवाव्यात, ओरडण्यासाठी नाही तर शिकण्यासाठी. त्या तासाला एखादे डॉक्टर आणि एक सिस्टर असाव्यात. वर्षाच्या शेवटी त्याचे पॉइंट मिळावेत आणि पगारवाढीत ते मोजले जावेत. आणि आपण? आपली लॅब संध्याकाळी रिकामीच असते. ती त्यांना द्यावी. ज्याला हॉस्पिटलचा प्रोजेक्ट करायचाय, त्याने आधी आठ दिवस काउंटरच्या मागे बसावं. त्यांना आपण डेटाबेस शिकवू, ते आपल्याला पेशंट शिकवतील. फायदा आपलाच जास्त होईल.

आजीचे तीन नंबर त्या दिवशी एक झाले नाहीत, कारण ते एकत्र कसे करायचे हेही त्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. सध्या आजीने स्वतःची सिस्टीम काढलीय. औषधाचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय आणि तो कागद ती पिशवीत सांभाळून ठेवते. हॉस्पिटलात गेली की आधी तो पुढे करते. आजीला आठवण आहे, तोंड आहे, म्हणून ती वाचली. पण बेशुद्धावस्थेत येणाऱ्या पेशंटचं काय? त्याच्या वतीने बोलणारा त्या खोलीत एकच असतो, तो कॉम्प्युटर. आणि त्याला बोलायला शिकवणारा तो काउंटरवरचा मुलगा.