बीबी आसियाने काय केलं होतं?

रमजान जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरायला लागते. हिरवी बॉर्डर, कोपऱ्यात गुलाबाची फुलं आणि मधे 'इस्लामच्या आदर्श स्त्रिया'. हजरत खदीजा म्हणजे आदर्श पत्नी, हजरत फातिमा म्हणजे आदर्श मुलगी, मरियम म्हणजे पावित्र्य, आसिया म्हणजे सब्र, हाजरा म्हणजे आईची माया. पाच नावं, पाच विशेषणं, विषय संपला. आणि खाली सूचना : आपल्या माताभगिनींना जरूर फॉरवर्ड करा.

माझा खरा राग त्या शेवटच्या ओळीवर आहे. आधीच्या पाचांवरही आहे, पण त्यांच्याकडे नंतर येतो.

माताभगिनींनाच का बुवा?

कुरआनची ६६वी सूरह काढा, सूरह तहरीम. छोटीशी आहे, बारा आयती. शेवटच्या तीन आयतींत चार बायका येतात. नूह आणि लूत या दोन पैगंबरांच्या बायका, फिरऔनची बायको (हिचं नाव कुरआनात नाही, 'आसिया' हे परंपरेने दिलेलं नाव) आणि इम्रानची मुलगी मरियम. पहिल्या दोघी इन्कार करणाऱ्यांचं उदाहरण म्हणून येतात, पुढच्या दोघी ईमान राखणाऱ्यांचं. आता नीट बघा. 'ईमान राखणाऱ्या बायकांसाठी उदाहरण' असं तिथे म्हटलेलं नाही. ईमान राखणारे सगळे, असं म्हटलंय. त्यात दाढीवाले आले, मुफ्तीसाहेब आले, कंपनीच्या कॅन्टीनमागे घाईघाईत जुहर उरकणारा मीही आलो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये 'यूजर : सर्व' लिहिलेलं आहे आणि आपण इम्प्लिमेंट करताना 'फक्त महिला विभाग' करून ठेवलंय. वर टेस्टिंग पास झालं म्हणून एकमेकांची पाठही थोपटतोय.

त्याच तीन आयतींत दुसरी एक गोष्ट आहे, ती तर त्याहून अडचणीची. नूह आणि लूत यांच्या बायकांना नवऱ्याचं पैगंबर असणं उपयोगी पडलं नाही. फिरऔनच्या बायकोला नवऱ्याचं जालीम असणं आडवं आलं नाही. याचा साधा अर्थ काय? ईमान नवऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. जॉइंट अकाउंट नाही ते! प्रत्येकीचा हिशोब वेगळा. आणि यादीत मात्र प्रत्येक बाई कुणाची तरी बायको, मुलगी किंवा आई म्हणूनच आदर्श.

आता आसिया आणि सब्र. माझ्या एका मामेबहिणीचा नवरा हात उचलायचा. ती माहेरी आली तेव्हा समजूत काढायला दोन मोठी माणसं बसली होती. त्यातल्या एकांचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "बेटा, बीबी आसियाने फिरऔनबरोबर संसार केला. तुझा नवरा काय फिरऔनपेक्षा वाईट आहे का?"

काय लॉजिक आहे! सगळे माना डोलवत होते.

अहो, पण आसियाने केलं काय होतं? सूरह तहरीमची अकरावी आयत तिची दुआ सांगते. ती देवाजवळ स्वतःसाठी घर मागते, आणि फिरऔनपासून आणि त्याच्या करणीपासून मला सोडव म्हणते. म्हणजे ती सुटका मागतेय! नवऱ्याला सुधार, मला सहनशक्ती दे, संसार टिकव, यातलं काहीही तिने मागितलेलं नाही. तिचा सब्र म्हणजे छळ झाला तरी ईमान न सोडणं. मार खाऊन स्वयंपाकघरात परत जाणं नव्हे. ज्या बाईची कुरआनातली एकमेव दुआ 'मला यातून बाहेर काढ' अशी आहे, तिलाच आपण 'आत राहा' सांगण्यासाठी वापरतो. यापेक्षा उलटा अर्थ काढून दाखवणाऱ्याला मी माझ्याकडून बिर्याणी देतो.

आणि बाहेर पडायची वाट याच परंपरेत आहे. साबित बिन कैस यांची पत्नी पैगंबरांकडे आली. नवऱ्याच्या वागण्याबद्दल, धर्माबद्दल माझी तक्रार नाही, पण मला त्याच्याबरोबर राहायचं नाही, असं तिने सांगितलं. महरमध्ये मिळालेली बाग परत करशील का, एवढं तिला विचारलं गेलं. ती हो म्हणाली आणि मोकळी झाली. सहीह बुखारीत आहे हे. खुलाचा सगळा कायदा या प्रसंगाचा आधार घेतो. ही बाई कुठल्या यादीत दिसली तुम्हाला? मला तरी नाही. (मामेबहिणीने शेवटी खुलाच घेतला. आता ती तिच्या पगारावर, तिच्या घरात मजेत आहे.)

मंडळी, यादीत न येणाऱ्या अशा बऱ्याच आहेत. खौला बिन्ते सालबा घ्या. नवऱ्याने रागाच्या भरात तिला आईसमान म्हटलं. अरबस्तानातल्या जुन्या रिवाजाप्रमाणे याला 'जिहार' म्हणत, बाई ना धड बायको ना मोकळी. खौला पैगंबरांकडे गेली, वाद घातला, आणि मनासारखं उत्तर मिळेना तेव्हा देवाकडेच तक्रार नेली. ५८व्या सूरहची सुरुवातच या तक्रारीने होते. देवाने ती ऐकली, असं पहिल्याच आयतीत आहे, आणि जिहारचा रिवाज मोडीत निघाला. सूरहचं नाव काय माहितेय? मुजादिला. वाद घालणारी बाई! २०१७ साली शायरा बानो तीन तलाकविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. त्या सगळ्या वर्षांत 'घरची गोष्ट चव्हाट्यावर नेली' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना खौला आठवली असेल?

उम्मे सलमा घ्या. सन ६२८, हुदैबियाचा तह. उमरा न करताच परत फिरायचं ठरल्याने लोक इतके नाराज की पैगंबरांनी कुर्बानी करा, डोकी भादरा म्हणून सांगितलं तरी कुणी उठेना. तंबूत उम्मे सलमा यांनी सल्ला दिला : कुणाशी काही बोलू नका, बाहेर जा आणि तुमची कुर्बानी तुम्ही करा. ते गेले, केली, आणि पाठोपाठ सगळे उठले. त्या तळावरची सगळ्यात मोठी कोंडी एका बाईच्या सल्ल्याने फुटली आणि तो सल्ला पैगंबरांनी ऐकला. बायकांचा सल्ला घेऊ नये म्हणून सांगणाऱ्यांनी यावर काय ते उत्तर द्यावं.

हजरत आयशांकडून तर दोन हजारांवर हदीस आलेल्या आहेत. पण नुसत्या पाठ करून सांगणाऱ्या त्या नव्हत्या, चुका काढणाऱ्या होत्या. घरचे रडले की मेलेल्याला शिक्षा होते, असं कुणी सांगितलं, तेव्हा एकाचं ओझं दुसरा वाहत नाही असं कुरआन म्हणतो, हे त्यांनी दाखवून दिलं. गाढव, कुत्रा किंवा बाई समोरून गेली की नमाज मोडते असं सांगणाऱ्यांना, आम्हाला यांच्या रांगेत बसवता काय, असं सुनावलं. चौदाव्या शतकात जरकशी नावाच्या विद्वानाने आयशांनी सहाबींच्या काढलेल्या चुकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. अख्खं पुस्तक! आमच्याकडे कोड रिव्ह्यूला कुणी चार चुका काढल्या तर लोक आठवडाभर बोलत नाहीत.

हा वारसा तिथे संपलाही नाही. अकराव्या शतकात मक्केत करीमा मर्वजिया बुखारी शिकवत होत्या, आणि खतीब बगदादींसारखा मोठा विद्वान त्यांच्यासमोर शागिर्द म्हणून बसला होता. आपल्याच जौनपूरचे, लखनौच्या नदव्यात शिकलेले मुहम्मद अकरम नदवी यांनी हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांचा शोध घेतला. त्यांचा अरबी चरित्रकोश २०२१ मध्ये निघाला तो ४३ खंडांचा, आणि त्यात सुमारे दहा हजार स्त्रिया आहेत. दहा हजार! आणि आपली यादी पाचवर संपते.

आता दोन आक्षेप येणार, माहितेय मला.

पहिला : तुम्ही सोयीचं तेवढं वेचताय. याच परंपरेत वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, स्त्रीला दुय्यम ठरवणारी मतंही आहेत, त्याचं काय? आहेत. ती लपवायची मला गरज वाटत नाही, त्यांच्यावर वाद व्हायलाच हवा. पण वेचतायत तर सगळेच. यादीवाले सब्र वेचतात आणि दुआ टाकून देतात. मी म्हणतो, निदान ज्यांना आदर्श म्हणता त्यांची गोष्ट तरी पूर्ण सांगा. अर्धी गोष्ट सांगून पूर्ण आज्ञाधारकपणा मागणं ही लबाडी आहे.

दुसरा आक्षेप माझ्यासारख्याच शिकल्यासवरल्या मित्रांचा. त्यांची यादी वेगळी, पण तितकीच आखूड. खदीजा म्हणजे 'पहिली बिझनेसवुमन', प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर शोभेल अशी. बरोबर आहे, त्यांचा व्यापार होता, पैगंबरांना सीरियाच्या काफिल्यावर त्यांनीच पाठवलं, लग्नाचा निरोपही त्यांच्याकडूनच गेला. पण गोष्ट तिथे संपत नाही. हिराच्या गुहेतून थरथरत आलेल्या माणसाला सावरताना त्यांनी सांगितलं ते असं : तुम्ही नाती जपता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्याची कदर करता, देव तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. माणसाच्या वागण्यावरून देवाबद्दल निष्कर्ष काढणारं हे ईमान आहे. पुढे बहिष्काराच्या वर्षांत तो सगळा पैसाअडका कुठे गेला आणि त्या काय हालात राहिल्या, हे त्या स्लाइडवर येत नाही. ईमान वजा केलं तर खदीजा उरत नाहीत, नुसती श्रीमंत बाई उरते. या बायकांनी नकार दिला, प्रश्न विचारले, वाद घातले ते ईमान होतं म्हणून. दमास्कसमध्ये यजीदच्या भर दरबारात बोलणाऱ्या, करबलात घरदार गमावलेल्या हजरत जैनब यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

असो. हाजरा राहिल्या.

वाळवंटात, तान्हं बाळ, पाणी संपलेलं. ती नुसती दुआ करत बसली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमधे सात वेळा धावली. आज प्रत्येक हाजी त्या सात फेऱ्या घालतो. तीन किलोमीटरच्या आसपास चाल होते. राजा असो, मुफ्ती असो, आमच्या गल्लीतले कडक आवाजाचे सेक्रेटरीसाहेब असोत, एका दासी म्हणवल्या गेलेल्या बाईच्या पावलावर पाऊल टाकून सगळे चालतात. गंमत म्हणजे हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पळायचं असतं ते पुरुषांनी, बायकांनी चालावं असं फुकहा सांगतात. धावली बाई, आणि तिची नक्कल करणं पुरुषांवर आलं!

तिथे बाईच्या मागे धावणारे आपण इथे मुंबईत काय करत होतो? हाजी अलीच्या मजारीजवळ बायकांनी जाणं पाप आहे, असा युक्तिवाद कोर्टात करत होतो. २६ ऑगस्ट २०१६ ला उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कोर्टाला घटनेची कलमं लागली. आपल्याला खरं तर हाजरा पुरायला हवी होती.

म्हणून इमामसाहेबांना, बयान करणाऱ्यांना आणि जमातीच्या कमिट्यांना एकच विनंती. या बायकांची गोष्ट जुम्याच्या खुत्ब्यात सांगा, पुरुषांच्या सफांसमोर, पूर्ण सांगा. आसियाची दुआ सांगा आणि पहिल्या सफेत बसलेल्यांना विचारा : तुमच्या घरात कुणी ही दुआ मागत नाहीये ना?