पायात नाही, पावात आहे

तो संदेश या आठवड्यात पुन्हा आला. पीठ पायांनी तुडवतात म्हणून पावाला पाव म्हणतात, आणि खाली हसरे चेहरे. मला हसू येत नाही. अख्खी मुंबई झोपलेली असताना भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या माणसाची ही नालस्ती आहे, आणि ती धादांत खोटी आहे.

पायाला पाँव म्हणतात हिंदीत. आपला पाव आला पोर्तुगिजांच्या 'पांव'वरून, आणि तो लॅटिन 'पानिस'वरून. गोव्यात सुरेने पीठ आंबवून तो भाजला जाऊ लागला. तिथल्या पाववाल्याला आजही पोदेर म्हणतात, तेही पोर्तुगीजच. हेच पोर्तुगीज जपानला गेले, म्हणून जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो. बंगाल्यांची पाऊरुटी याच घरातली.

पाय शोधायचाच असेल तर पाव किलोत शोधा. संस्कृतात पाद म्हणजे पाय आणि पाद म्हणजे चौथा हिस्सा. जनावराच्या चार पायांपैकी एक. त्या पादाचा झाला पाव, आणि पादोनचं पाऊण.

माझा चिवडा लालबागच्या चिवडा गल्लीतूनच येतो. परवा तिथे म्हटलं, "पाव किलो दे रे." काट्यावरचा मुलगा नवा होता. "काका, टू फिफ्टी ना?" मुलगा मराठीच, परळचा. त्याच्यावर राग नाही. राग आहे तो त्याला पावकी, म्हणजे पावचा पाढा, न शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनचाही पाढा होता! माझी आजी शाळेत फारशी गेली नव्हती, पण गिरगावात पावणेदोन वार कापडाचे पैसे दुकानदाराच्या आधी सांगायची. चार आण्यांना ती पावली म्हणे. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं, पावली त्याआधीच बोलण्यातून गेली होती. आता घड्याळातलं पावणेसातही मुलांना 'सिक्स फॉर्टी फाइव्ह' करून सांगावं लागतं.

लालबागमध्येच तिसरा पावही नांदतो. तिथल्या कोळी-व्यापाऱ्यांनी बाजाराच्या कायमच्या जागेसाठी नवस केला, तो फळला, आणि १९३४ साली गणपती बसला. नवसाला पावणारा, असं आपण म्हणतो, ते पावणं संस्कृत 'प्राप्'मधलं. वर्गणीची पावतीही त्यातलीच. दोन भाषांतून आलेले तीन पाव एका नाक्यावर, आणि आपण पाठवतो काय, तर तुडवलेल्या पिठाचा विनोद.

असो. आमच्या इमारतीतल्या तिसरीतल्या मुलीला पावकी शिकवायला घेतली आहे. सात पाव पावणेदोनपर्यंत ती न अडखळता येते. या रविवारी दहा पाव अडीचपर्यंत जाऊ, मग निमकी.