रजनीश पंथ : श्रद्धा, मक्तेदारी आणि कायदा

पुण्यातील कोरेगाव पार्क येथील रजनीश आश्रमाचे दोन भूखंड १०७ कोटी रुपयांना विकण्याची परवानगी आश्रमाच्या विश्वस्तांनी मागितली होती. करोनाकाळात झालेला तोटा हे त्यांनी पुढे केलेले कारण होते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या सह धर्मादाय आयुक्तांनी ही परवानगी नाकारली आणि आगाऊ स्वीकारलेले ५० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. या विक्रीला हरकत घेणारे लोक रजनीशांचेच अनुयायी होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, गळ्यात माळ घालून आत जाण्याचा हक्क मागत अनुयायांनी आश्रमाच्या दारात निदर्शने केली होती आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठीमार केला होता. ज्या पंथाचा उल्लेख चार दशकांपूर्वी जगभरची वृत्तपत्रे ‘कल्ट’ या शब्दाने करीत होती, त्याचे अनुयायी आज आपल्याच संस्थेच्या कारभाऱ्यांविरुद्ध कायद्याचा आधार शोधीत आहेत. या विसंगतीमुळे एक जुना प्रश्न नव्याने पुढे येतो. एखाद्या नव्या पंथाला ‘कल्ट’ म्हणावे किंवा नाही, हे ठरवायचे कशाच्या आधारावर?

या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पंथ’ आणि ‘संप्रदाय’ हे आपल्याकडे आदराचे शब्द आहेत. ‘बुवाबाजी’ हा शब्द निंदाव्यंजक असला तरी तो एका व्यक्तीच्या लबाडीपुरता मर्यादित आहे. ‘कल्ट’ या शब्दातून मात्र माणसाचा कब्जा घेणारी संघटना सूचित होते. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात जोन्सटाउन येथे एका पंथाच्या वसाहतीतील नऊशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विष घेऊन वा विष देऊन झालेल्या या मृत्यूंत लहान मुलांची संख्या मोठी होती. त्यानंतर हा शब्द केवळ वर्णनाचा न राहता आरोपाचा झाला आणि जो जो पंथ नवा, विचित्र किंवा शिष्टसंमत नीतीला धक्का देणारा, त्याला तो चिकटविण्याची सवय जडली.

नवेपणा आणि विचित्रपणा या कसोट्या किती फसव्या आहेत, हे महाराष्ट्राला, विशेषतः कोल्हापूरला, वेगळे सांगण्याची गरज नाही. तेराव्या शतकातील चक्रधरांचे महानुभाव अनुयायी शतकानुशतके संशयाचे धनी झाले आणि त्यांना आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपावे लागले. १८७३ मध्ये पुण्यात स्थापन झालेला महात्मा फुले यांचा सत्यशोधक समाज तत्कालीन धर्ममार्तंडांच्या लेखी धर्मबुडवाच होता. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे पीठ निर्माण केले, तेव्हा त्यांच्यावरही टीकेचा भडिमार झाला. बहुजनांच्या धारणेला धक्का बसणे हाच निकष मानला असता, तर महाराष्ट्रातील समाजपरिवर्तनाच्या निम्म्या चळवळी त्यात अडकल्या असत्या.

याउलट, जुनेपणा हाही निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. अजाण मुलींना यल्लम्माला वा खंडोबाला सोडण्याची प्रथा शेकडो वर्षांची होती आणि तिला लोकमान्यताही होती. तथापि तिच्यात त्या मुलीची संमती नव्हती आणि तिला परतीचा मार्गही नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९२० मध्ये जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला तेव्हा देवीची यात्रा किंवा भक्ती बंद केली नाही. मुलींना देवाला सोडण्याच्या कृत्यावर बंधन घातले. श्रद्धा आणि कृत्य यांतील हा विवेक पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

रजनीशांच्या पंथाचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. अर्थशास्त्रात प्रयोगशाळा नसते. एकच घटक बदलून परिणाम पाहण्याची संधी क्वचितच लाभते. येथे ती लाभली आहे. तोच गुरू, तीच शिकवण आणि बहुतांशी तेच शिष्य प्रथम पुण्यात आणि नंतर अमेरिकेत अशा दोन अगदी भिन्न परिस्थितींत राहिले, आणि परिणामही भिन्न झाले.

जबलपूरला तत्त्वज्ञानाचे अध्यापन केलेल्या रजनीशांनी १९७० मध्ये आपल्या ‘नवसंन्यासा’ची दीक्षा देण्यास प्रारंभ केला आणि १९७४ मध्ये ते पुण्यास आले. पुढील सात वर्षे कोरेगाव पार्कात भगव्या वस्त्रांतील परदेशी तरुण-तरुणींची रीघ लागली. आश्रमातील काही उपचारगटांत मारहाणीपर्यंत प्रकार जात असत, मुक्त वर्तनाने पुणेकर संतापत असत. हे सर्व आक्षेपार्ह असेलही. परंतु आश्रमाच्या फाटकाबाहेर एक संपूर्ण शहर होते. कित्येक शिष्य शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत, बाजारात खरेदी करीत, वर्तमानपत्रे वाचीत. बाहेर पोलीस चौकी होती, परदेशी वकिलाती होत्या, टीका करणारे शेजारी होते. ज्याला वीट आला तो रिक्षा करून स्टेशन गाठू शकत होता. गुरूचा शब्द शिष्याला प्रमाण होता. पण शिष्याचे अन्न, निवारा आणि बातमी ही तिन्ही त्या गुरूच्या हाती नव्हती.

१९८१ मध्ये रजनीश अमेरिकेस गेले. ओरेगन राज्याच्या ओसाड भागात चौसष्ट हजार एकरांहून मोठे पशुपालनाचे क्षेत्र विकत घेण्यात आले आणि १९८२ मध्ये तेथे ‘रजनीशपुरम’ हे नगर कायदेशीररीत्या स्थापन झाले. येथे चित्र पालटले. जमीन पंथाची, घरे पंथाची, भोजनगृह पंथाचे, नगरपालिका पंथाची आणि सशस्त्र पोलीसही पंथाचेच. शिष्य दिवसाचे बारा बारा तास राबत. या श्रमाला ‘उपासना’ असे नाव होते आणि त्याला वेतन नव्हते. अनेकांनी आपली बचत आधीच संस्थेच्या स्वाधीन केली होती. दुसऱ्या बाजूस गुरूच्या दिमतीला नव्वदाहून अधिक रोल्स-रॉइस मोटारी जमा झाल्या. स्वतः रजनीशांनी १९८१ पासून १९८४ च्या उत्तरार्धापर्यंत जाहीर मौन पाळल्याने त्यांच्या सचिव माँ आनंद शीला यांच्या आदेशावर दाद मागण्यास जागाच उरली नाही.

त्याचा शेवट सर्वश्रुत आहे. १९८४ मध्ये, परगण्याच्या निवडणुकीत विरोधी मतदान घटावे या हेतूने, द डाल्स या गावातील दहा उपाहारगृहांच्या कोशिंबिरींत साल्मोनेलाचे जंतू मिसळण्यात आले आणि ७५१ माणसे आजारी पडली. वसाहतीत चोरून संभाषणे ऐकण्याची यंत्रणा बसविण्यात आली होती; तिच्यातून गुरूची खोलीही सुटली नव्हती. रजनीशांच्या वैद्यांना विषारी टोचणी देऊन ठार मारण्याचा प्रयत्न झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये शीला परदेशी निघून गेल्या. पुढे त्यांना अटक होऊन १९८६ मध्ये त्यांनी गुन्हे कबूल केले आणि त्यांना कारावास झाला. रजनीशांवर विषप्रयोगाचा आरोप ठेवण्यात आला नाही. स्थलांतरविषयक कायद्याच्या दोन कलमांखाली चार लाख डॉलर दंड भरून त्यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिका सोडली. त्यांना या कारस्थानांची कितपत कल्पना होती, याविषयी आजही मतभेद आहेत. पंथाच्या निरनिराळ्या केंद्रांत वाढलेल्या मुलांपैकी काहींनी प्रौढ झाल्यावर आपल्या लैंगिक शोषणाच्या हकिकती जाहीरपणे सांगितल्या आहेत. त्या हकिकतींत पुण्याचाही उल्लेख येतो, हे विसरता कामा नये.

शिकवण तर दोन्ही ठिकाणी एकच होती. मग बदलले काय? बदलली ती मक्तेदारी. ज्या बाजारात एकच विक्रेता असतो तेथे ग्राहक लाचार होतो आणि जेथे एकच मालक असतो तेथे मजूर लाचार होतो. रजनीशपुरममध्ये एकच सत्ता शिष्याची मालक, घरमालक, दुकानदार, पोलीस आणि मोक्षदाताही होती. माणसाने आपली बचत, उमेदीची वर्षे आणि नातीगोती गुंतविल्यानंतर बाहेर पडण्याची किंमत इतकी वाढते की, चूक उमगूनही तो आत राहतो. आधी घातलेले भांडवल बुडू नये म्हणून तोट्याच्या धंद्यात आणखी पैसा ओतणाऱ्या व्यापाऱ्यासारखी त्याची अवस्था होते. पंथाला ‘कल्ट’चे रूप येते ते या अवस्थेत.

यातून तीन साध्या कसोट्या निघतात. सभासदाला बाहेर पडण्यास काय किंमत मोजावी लागते? संस्थेच्या पैशाचा आणि सभासदाच्या श्रमाचा हिशेब त्याला पाहता येतो काय? आणि आत राहून कारभारावर टीका करता येते काय? कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंब्याच्या मध्यवर्ती कारागृहात कैद्याचे अन्न, निवारा आणि काम एकाच सत्तेच्या हाती असते. परंतु त्या सत्तेवर कारागृह नियमावलीचा आणि न्यायालयाचा अंकुश आहे. कैद्याला शिक्षेची मुदत ठाऊक असते आणि त्याच्या श्रमाला वाजवी मजुरी मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे. स्वेच्छेने आलेल्या भक्ताला शिक्षा झालेल्या कैद्याइतकेही संरक्षण नसेल, तर त्या व्यवस्थेला धर्मसाधना म्हणून मोकळे सोडणे समाजाला परवडणारे नाही.

यावर असा आक्षेप येईल की, समर्पण हा सर्वच धर्मसाधनेचा गाभा आहे आणि या कसोट्या लावल्यास एकही संप्रदाय सुटणार नाही. हा आक्षेप टिकत नाही. वारकरी तुळशीची माळ घालतो, व्रत पाळतो, आषाढीला शेकडो मैल चालतो. परंतु द्वादशीनंतर तो आपल्या शेताकडे परततो. त्याचा सातबारा त्याच्याच नावावर राहतो आणि पुढच्या वर्षी तो गेला नाही तर त्याच्या दाराशी कोणी जाब विचारावयास येत नाही. समर्पण आणि परावलंबन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र हीच फूटपट्टी जुन्या मठांना आणि सर्व धर्मांच्या संस्थांना सारखीच लावली पाहिजे. अन्यथा ती कसोटी न राहता केवळ नव्यांविरुद्ध वापरण्याचे हत्यार ठरेल.

या फूटपट्टीने मोजता, १९८४-८५ मधील रजनीशपुरमला ‘कल्ट’ म्हणणे यथार्थ आहे. पुण्यातील पहिल्या पर्वाला सरसकट तो शब्द लावता येत नाही. तेथील मुलांच्या तक्रारी मात्र त्या पर्वाला निर्दोषही ठरू देत नाहीत. १९८७ मध्ये रजनीश पुण्यास परतले आणि १९ जानेवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या आश्रमात माणसे शुल्क भरून येतात आणि जातात. आजचा तंटा निराळा आहे. ‘ओशो’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून कोणाच्या मालकीचे, यावर अमेरिकेत २००९ मध्ये संस्थेच्या विरुद्ध आणि युरोपीय संघाच्या न्यायालयात २०१७ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय झाला. समाधी, जमीन आणि नाव यांवर हक्क कोणाचा, हा वाद आहे. एखाद्या सत्तेविरुद्ध तिचेच भक्त उघडपणे दाद मागू शकतात, ही गोष्ट तिची पकड पूर्ण नसल्याची खूण आहे.

मग शासनाने करावे काय? नावांची काळी यादी करणे हा उपाय नव्हे. फ्रान्सच्या संसदीय समितीने १९९५ मध्ये १७० हून अधिक पंथांची यादी प्रसिद्ध केली. २००५ मध्ये तेथील पंतप्रधानांनाच त्या यादीवर विसंबू नये, असे परिपत्रक काढावे लागले. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या आणि २६ व्या कलमांनी व्यक्तीला श्रद्धेचे आणि संप्रदायाला स्वतःच्या धार्मिक व्यवहाराचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने केलेला जादूटोणाविरोधी कायदाही कोणत्याही पंथाचे नाव घेत नाही. तो अनुसूचीत नोंदविलेली कृत्ये दंडनीय ठरवितो. हीच दिशा योग्य आहे.

तथापि आर्थिक परावलंबन हा विषय या कायद्याच्या कक्षेत येत नाही. १८७२ च्या करार कायद्यातील ‘अनुचित प्रभावा’चे कलम काही प्रमाणात उपयोगी पडते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्ये एका वयोवृद्ध गृहस्थाने गुरूला दिलेले दान याच तत्त्वावर रद्द ठरविले होते. परंतु प्रत्येक सामान्य कुटुंबाला न्यायालयाची पायरी चढणे जमत नाही. म्हणून संस्थेत राहणाऱ्या व्यक्तीने तिला दिलेली स्थावर मिळकत ठरावीक मुदतीत परत मागण्याची सोय असावी. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे तपासलेले हिशेब सामान्य अनुयायाला सहज पाहता यावेत. आश्रमात राहणाऱ्या बालकांची शासकीय तपासणी सक्तीची असावी. वीस वर्षे नोकरी करून बाहेर पडणाऱ्या कारकुनाच्या हाती भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान असते; वीस वर्षे सेवा करून आश्रम सोडणारा पूर्णवेळ सेवक रिकाम्या हाताने रस्त्यावर येतो. त्याच्यासाठीही अशी काही तरतूद सक्तीची केल्यास कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागणार नाही.

ज्या घरातला मुलगा वा मुलगी अशा एखाद्या पंथाकडे ओढली जाते, त्या घराला तत्त्वज्ञानाच्या वादात पडून फारसे हाती लागत नाही. गुरूची शिकवण खरी की खोटी, हा वाद शतकानुशतके चालेल. मुलाला पगार कोण देतो, त्याच्या नावावर काय उरले आहे, पत्र आणि फोन त्याच्यापर्यंत पोहोचतात काय, आणि उद्या तो परत येतो म्हणाला तर त्याला अडविणार कोण, हे प्रश्न आज विचारता येतात आणि त्यांची उत्तरे तपासता येतात. त्या उत्तरांवरून पंथाची पारख होते. त्याला कोणते नाव द्यावयाचे हा प्रश्न त्यानंतरचा.