मूठभरांचा आग्रह

हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा १८५६ साली मंजूर झाला, सरकारी दप्तरात त्याची रीतसर नोंद झाली, आणि महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांच्या घरांतून बालविधवांचे केशवपन त्यानंतरही पूर्ववत चालूच राहिले. यात नवल करण्यासारखे काही नव्हते. न्यायालयातील अडचण कायद्याने दूर झाली होती. परंतु पंगतीतून उठविले जाण्याचे, लेकीचे लग्न अडण्याचे, श्राद्धाला भटजी न मिळण्याचे भय दूर करणे त्याच्या अखत्यारीत नव्हते. रूढीची खरी सत्ता या भयात असते. आणि हे भय असे विलक्षण, की पहिला दुसऱ्याला भितो, दुसरा तिसऱ्याला, आणि रूढीवर मनापासून श्रद्धा असणारा माणूस शोधू जावे तर तो पुष्कळदा सबंध आळीत सापडत नाही.

म्हणूनच, रूढी मोडण्यासाठी आधी बहुमत जमवावे लागते हा समज मला मान्य नाही. ती मोडते मूठभरांच्या अशा वर्तनाने, की जे पाहून ‘सगळ्यांना हेच मान्य आहे’ हा इतरांचा ग्रह डळमळावा. मात्र त्या मूठभरांनी स्वतः डळमळता कामा नये. न्यायमूर्ती रानड्यांच्या विद्वत्तेविषयी किंवा तळमळीविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही; तथापि विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या थोर पुरुषाने प्रथम पत्नीच्या निधनानंतर, १८७३ साली, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला, आणि पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानाचे प्रकरण चिघळल्यावर १८९२ मध्ये प्रायश्चित्तही घेतले. (त्या कुमारिकेनेच पुढे पुण्याच्या सेवासदनाची धुरा समर्थपणे वाहिली, हा इतिहासाचा उदारपणा.) तडजोडीमागे वडिलांविषयीचा आदर होता, सहकाऱ्यांची अडचण होती; परंतु पाहणाऱ्याला कारणे दिसत नाहीत, माघार दिसते.

याउलट धोंडो केशव कर्वे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई, यांच्याशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही. पण हा आग्रह आडमुठाही नव्हता: विधवाविवाहास उत्तेजन देण्यासाठी त्यांनी त्याच वर्षाअखेर काढलेल्या मंडळीने पुढे आपला उद्देश विवाहातील प्रतिबंध दूर करण्यापुरता सौम्य केला, आणि १८९६ पासून अनाथ बालिकाश्रमाद्वारे विधवांच्या शिक्षणाची, समाजाला त्या मानाने सोसवणारी वाट त्यांनी धरली. विवाहाला नाके मुरडणारे गृहस्थही मग आश्रमाला वर्गणी देऊ शकत होते.

फ्रान्समधील सर्ज मॉस्कोविची या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९६९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. सहा जणांच्या गटात दोघे फितविलेले; छत्तीस स्लाइड दाखवायच्या, साऱ्या निळ्या, आणि त्या दोघांनी त्यांना हिरव्या म्हणायचे. ते दोघे प्रत्येक वेळी ठामपणे तसे म्हणाले, तेव्हा इतरांच्या उत्तरांपैकी शेकडा आठांहून थोडी अधिक उत्तरे ‘हिरवा’ अशी आली. दोघांनी कधी हिरवा, कधी निळा म्हणताच तेच प्रमाण शेकडा सव्वावर उतरले. आकडा लहान खरा, पण तो डोळ्यांना धडधडीत दिसणाऱ्या निळ्या रंगाविषयीचा आहे! आणि त्या दोघांचे म्हणणे खोटे होते, हेही विसरू नये. ठामपणा सत्याची चाकरी करतो तशी असत्याचीही करतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. या ठरावाचे मोल मोठे आहे. परंतु १८५६ च्या कायद्याचे जे झाले ते परिपत्रकाचे होण्यास वेळ लागत नाही. बांगड्या ग्रामपंचायतीच्या कचेरीत फुटत नसतात. त्या फुटतात घरच्या नि शेजारच्या बायकांच्या हातून, ज्यांतल्या कित्येकींच्या स्वतःच्या बांगड्या एके काळी तशाच फोडल्या गेलेल्या असतात आणि ज्यांना ‘नको’ म्हणायचे असूनही आपण एकट्याच पडू असे वाटते. म्हणून मला ठरावाहूनही महत्त्वाची वाटते ती करमाळ्याच्या एका कार्यकर्त्याची कृती: आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर हे संस्कार लादू नयेत, असे त्याने स्टँपपेपरवर लिहून जाहीर केले. असे प्रत्येक गावातील पाच-सात कर्त्या पुरुषांनी हयातीतच लिहून द्यावे, ग्रामसभेत ते मोठ्याने वाचले जावे, आणि त्यांच्या घरच्या बायकांनी पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातील विधवांना नावानिशी बोलवावे. त्या वर्षी कोणी आले नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलवावे.