गुडघा दुखतो, मग खुब्याचा फोटो कशाला?

मुलांनो, मुरबाड तालुक्यातल्या एका छोट्या वाचकाचं पत्र आलंय. स्वारी तिसरीत आहे. लिहितो, "बाई, माझा डावा गुडघा महिनाभर दुखतो. मी लंगडतो. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, मग मांडी फिरवून बघितली आणि ठाण्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलंय, खुब्याचा फोटो काढा! आजी म्हणते, ही चिठ्ठी दुसऱ्या कोणाची तरी असणार. बाबांना वाटतं, एवढ्या लांब जाऊन भलत्याच डॉक्टरकडे पोचलो तर? जाऊ का नको?"

जा रे बाबा, जा! आणि याच आठवड्यात जा. तुझ्या डॉक्टरांनी मांडी फिरवून बघितली ना, तिथेच त्यांना काहीतरी कळलंय.

असं बघा, दोन पाड्यांना मिळून टपालपेटी एकच. पत्र पेटीत पडलं, पण त्यावर पाड्याचं नावच नाही. मग ते कुठून आलं हे पोस्टमनला कसं कळणार? आपल्या शरीरातही असंच होतं. खुब्याच्या सांध्याला आणि गुडघ्याला एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. कुरकुर खुब्याची असते, पण मेंदूला वाटतं, गुडघाच ओरडतोय. म्हणून मूल बोट ठेवतं गुडघ्यावर. ते खोटं बोलत नाही बरं का! दुखतं खरंच तिथे, बिघाड मात्र वर असतो.

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते खुब्याच्या वाटीत फिरतं. काही मुलांमध्ये, बहुधा चार ते दहा वर्षांच्या वयात, या गोळ्याला रक्त कमी पडतं. हाड कमकुवत होतं, हळूहळू चपटं व्हायला लागतं. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त दिसतं. या आजाराला पर्थीज म्हणतात. १९१० साली अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीतल्या तीन डॉक्टरांनी आपापल्या ठिकाणी त्याचं वर्णन केलं, त्यातल्या जर्मन डॉक्टरांचं हे नाव. तुला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही, ते फोटो बघून डॉक्टर सांगतील. पण नुसता गुडघ्याचा फोटो काढला असता, तो स्वच्छ आला असता, आणि सगळे म्हणाले असते, पोरगं शाळा बुडवायला ढोंग करतंय. आम्ही शिक्षकही यात मागे नसतो!

अशा फसव्या जागा आणखी आहेत. दाढ किडलेली, पण दुखतो कान. फळा नीट दिसत नाही, म्हणून डोकं दुखतं. छातीत न्यूमोनिया, आणि लहान मूल पोट धरून रडतं. पोटासाठी नेलेल्या मुलाच्या छातीचा फोटो काढला, तर चिडण्याआधी विचारा, "डॉक्टर, छातीचा का?" विचारण्यात लाज कसली? आपल्या बोलीत विचारा. चांगला डॉक्टर दोन वाक्यांत सांगतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मात्र पाठच करा. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण नीट दिसत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे उठून मूल म्हणतं, पोट दुखतंय. उलटी होते. घरचे म्हणतात, काल काहीतरी खाल्लं असेल. मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास अडकतो. अशा वेळी पोटाचं औषध नाही, भगत तर नाहीच. १०८ ला फोन करायचा, सरकारी रुग्णालय गाठायचं आणि पोहोचताच पहिलं वाक्य सांगायचं, "हा रात्री जमिनीवर झोपला होता." या एका वाक्यावरून डॉक्टरांची दिशा बदलू शकते.

आता पालकांशी थोडं. चिठ्ठी खरोखरच चुकते का? चुकते कधीकधी. बुडालेली मजुरी, मुरबाडहून कल्याणपर्यंत एसटी, शहापूरकरांना आसनगावची लोकल, आणि खिडकीवर ऐकायचं, "ते डॉक्टर आज नसतात, बुधवारी या." राग येणारच. त्यात जागाही गोंधळात टाकतात. २०२३ साली ठाण्याच्या सिव्हिलची नवी इमारत बांधायची म्हणून रुग्णालय मनोरुग्णालयाजवळच्या जागेत हलवलं. पोट दुखतं म्हणून गेलेला माणूस ती पाटी वाचून दचकला, तर त्याला हसायचं काय?

म्हणून चिठ्ठी हातात पडली की तिथल्या तिथे वाचून घ्या. कोणत्या विभागात जायचं, कशासाठी, आणि त्या विभागाचा वार कोणता? हे तीन प्रश्न सुटले की निम्मी काळजी जाते. जुने केसपेपर, फोटो, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एका पिशवीत घालून न्या. समजा चुकीच्या दारात पोचलातच, तर तसेच घरी परतू नका. "मग कोणाकडे जायचं ते लिहून द्या," असं तिथल्याच डॉक्टरांना सांगा. मोठ्या रुग्णालयात एका विभागातून दुसऱ्या विभागात पाठवणं रोजचंच असतं. "हा आमचा आजार नाही" एवढं पेपरवर लिहून मिळालं, तरी पुढच्या डॉक्टरांचं काम सोपं होतं.

शाळेत तपासणीला पथक येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, २०१३ पासून सुरू झालेलं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे. त्यांनी दिलेली चिठ्ठी समजली नाही, तर शाळेत घेऊन या. पथकाचे डॉक्टर तालुक्यातलेच असतात, त्यांना फोन करून विचारता येतं. फक्त चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून ठेवू नका रे! मला गेल्या वर्षी एक सापडली, तिच्यावर चिंचेचे बुटुक होते.